शंभर ग्राम रताळं, शंभर ग्राम कोंबडी

१९ जानेवारी, सोमवार

ही डायरी मसाल्याच्या एजंटानं श्रीशैलला दिलती. त्यानं ती तशीच साखरेच्या पोत्यावर टाकून दिली. म्हणला, "आई, तूच लिही. तुला बोलायला लई लागतंय, आन् दुपारी दुकानात ऐकायला कुणी नसतंय." सव्वीस वर्षांचा घोडा झाला, पण आईशी बोलायची रीत न्हाई. तरी खोटं काय न्हाई बोलला. वडवणीत दुपारी दोन ते चार आमच्या बोळात कुत्रंबी फिरकत न्हाई. म्हणून गल्ल्यावर बसून लिहितीय.

आज वर्षा पडली. वर्षाराणी आमची धाकटी, वीस वर्षांची, पोलीस भरतीला उतरलीय. अठरा फेब्रुवारीला बीडला तिचं ग्राउंड हाय. आठशे मीटर पळायचं. गेल्या बारीला तीन मिनिटं अकरा सेकंद लागले आन् तिथंच हुकलं. औंदा तीन मिनिटांच्या आत यायला पायजे. न्हाई आली तर मार्चच्या पहिल्या रविवारी लातूरचे पाहुणे बघायला येणार, असं ह्यांनी त्यांना कळवून ठेवलंय. पोरगा चांगला हाय, सिमेंटचं दुकान हाय. वर्षानं ते ऐकलं. बुटाची नाडी बांधत बसली. बांधलेली सोडली आन् परत बांधली.

तर आज दुसऱ्या फेरीला डोळ्यापुढं अंधारी येऊन पडली. तिच्या मैत्रिणीनं, आरोहीनं, स्कूटीवर आणून सोडली. पाठोपाठ अकॅडमीच्या विजयसिंह सरांचा फोन. "मावशी, पोरीला चिकन खाऊ घाला. तळलेलं का असंना. त्याबिगर अंगात जोर येत नसतोय."

मी म्हणले, "सर, आमी लिंगायत हाव. आमच्या उंबऱ्याच्या आत अंडंसुदिक आलेलं न्हाई."

"मग सकाळी काय दिलं होतं?"

"आज सोमवार. रताळं दिलं, चांगलं तूप टाकून."

सर नुसते "बरं" म्हणले. त्या "बरं"चा मला लई राग आला. रताळं म्हणजे काय माती हाय का?

मीच तिला सोळा सोमवार धरायला लावलेत, भरतीसाठी. मीबी तिच्यासंगं धरलेत. आज बारावा झाला. शिवाय शनिवार मारुतीचा, तो ताकदीसाठी. देवाधर्मात आमी काहीच कमी ठेवलेलं न्हाई. तरी पोरगी पडती कावून, हेच कळंना.

२१ जानेवारी, बुधवार

तेजश्री मॅडमच्या दवाखान्यात गेलते वर्षाला घेऊन. रक्त काढलं. आठ पॉइंट चार निघालं. बाराच्या वर पायजे म्हणं.

मॅडमनी तिला विचारलं, "जेवण किती वेळा?" वर्षानं तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं, "दोन टाईम, पोटभर. आमचं किराणा दुकान हाय मॅडम, खायला काय तोटा?" वर्षा माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटलं असंल, आई बढाया मारती.

लोहाच्या गोळ्या दिल्या. चहासंगं घ्यायच्या न्हाईत म्हणल्या. मग बसल्या जागी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. "तुमचं पण रक्त तपासून घ्या हो." मी म्हणले, "मला काय धाड भरलीय?" जिना उतरताना जरा भिंत धरावी लागली. नव्या चपला घसरतेत.

घरी हे म्हणले, "रक्त कमी हाय तर चांगलंचुंगलं खाऊ घाल की." जसं काय मी चांगलं कुलपात ठेवलंय! चांगलं म्हणजे नेमकं काय, तेच तर कुणी सांगंना. संध्याकाळी हे आन् श्रीशैल जेवून उठले, मग आमी दोघी बसलो. वांग्याची भाजी त्या दोघांना लई आवडली, त्यामुळं आमी लोणच्यावर भागवलं. तेवढंच हलकं.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज ठरवलं, आपणच सोक्षमोक्ष लावायचा. मोबाईलवर बघायचं. रताळं चांगलं निघालं तर सरांच्या तोंडावर मारायचं. कोंबडी चांगली निघाली तर... तवाचं तवा बघू.

सगळं शंभर ग्राममागं लिहिलेलं असतंय. शंभर ग्राम रताळं मी काट्यावर ठेवून बघितलं. मुठीतसुद्धा भरत न्हाई. त्यात प्रोटीन दीड ग्राम. दुसऱ्या ठिकाणी दोन म्हणतेत. तळलेल्या कोंबडीत पंचवीस! मला घामच फुटला. म्हणलं, हरलो आपण.

मग खाली बघितलं तर कोंबडीत तेलबी पंधरा-सोळा ग्राम. रताळ्यात तेल न्हाईच. रताळ्यात चोथा हाय, कोंबडीत न्हाई. म्हणलं, जरा बरं. मग लोह बघितलं, कारण वर्षाला कमी तेच हाय. रताळ्यात एक ग्रामचा काहीतरी हजारावा भाग, तोबी पुरता न्हाई, आन् कोंबडीत एकाच्या जरा वर. म्हणजे दोन्हीत नावालाच! मग सर कशासाठी बोंबलतेत?

पुढं रताळ्यात अ जीवनसत्त्व ढीगभर म्हणून लिहिलेलं. मी खूश. तर त्याच्याखाली, ते केशरी गराच्या रताळ्यात. आपलं साल लाल आन् आत पांढरं. त्यात काहीच न्हाई म्हणं. घ्या आता. रताळ्यातबी जातपात.

बोट घसरून भलतंच पान उघडलं. शेंगदाण्यात प्रोटीन पंचवीस. म्हणजे शेंगदाणा आन् कोंबडी बरोबरीला? काहीतरी छापतेत मेले. शेंगदाण्याचं पोतं माझ्या पायाशी हाय वीस वर्षांपासनं, मला कुणी बोललं न्हाई. श्रीशैलला मात्र मी रोज दोन शेंगदाण्याचे लाडू देते, गूळ घालून. तो पोती उचलतो ना.

डोकं भणभणायला लागलं. मोबाईल ठेवून दिला.

१ फेब्रुवारी, रविवार

हळदीकुंकवाच्या गडबडीत लिहिणं राहिलं. आज आरोहीच्या घरी गेलते. म्हणलं, कोंबडी खाणाऱ्यांनाच विचारावं. आरोही तीन मिनिटांच्या आत आरामात येती. तिच्या आईचं नाव सत्यशीला, माहेर नेकनूरचं, तोंडानं फटकळ पण मनानं निर्मळ.

मी आडून आडून विचारलं, "आरोहीला रोज किती चिकन लागतं हो?"

ती हसायलाच लागली. "रोज? वैनी, आमी काय नवाब हाव का? रविवारी असतंय. तेबी कुणी आलं-गेलं तर आमच्या वाट्याला रस्साच. बाकी सहा दिवस ज्वारीची भाकरी, मटकी, पिठलं, दाण्याची चटणी. तुमच्यात काय येगळं असतंय?"

"आमच्यातबी तेच की."

"मग?"

मग काय, मलाच कळंना. तेवढ्यात त्यांची जेवायची वेळ झाली. त्यांच्या सासूबाई, बायनाबाई, ऐंशीच्या पुढं असतील, तोंडात दात न्हाई, पण चुलीपुढची जागा सोडलेली न्हाई. म्हातारीनं पहिलं ताट आरोहीला वाढलं. बाप समोर हात धुऊन बसलेला, चुलता बसलेला, आन् पोरगी पहिली जेवती! मी बघतच राहिले. बायनाबाई मला म्हणल्या, "पळनाऱ्या बैलाला आधी वैरण टाकावी. बसून ऱ्हानाऱ्याला काय घाई?" आरोहीचा बाप मुकाट बसला होता बिचारा.

म्हातारी माणसं काहीबी करतेत. आमच्यात असं चालायचं न्हाई, दिसायलाबी बरं दिसत न्हाई.

येताना वाटभर विचार करत आले. कोंबडी आठवड्यातनं एकदा, मग हिच्या अंगात एवढा जोर येतो कुठनं? त्या एकाच दिवसाच्या कोंबडीत एवढं असंल का? असंलच. पंचवीस हाय ना.

९ फेब्रुवारी, सोमवार

पंधरावा सोमवार. वर्षाला दोन रताळी दिली. एक तिनं माझ्या ताटात टाकलं, म्हणली, "तूबी उपाशीच हायस." आज परत मागं पडली म्हणं. विचारलं तर नुसतं "जड जातंय" म्हणली आन् वहीत काहीतरी लिहीत बसली. गोळ्या चालू हायत. मी जवळ बसून घ्यायला लावते.

हे आज जेवताना म्हणले, "लातूरवाल्यांचा फोन आलता. मी म्हणलं, अठरा तारीख होऊ द्या." वर्षा पाणी वाढत होती. तांब्या खाली ठेवून आत गेली.

मला तिचं लगीन नको असं न्हाई. पण ती खाकी घालून या दारात उभी राहिली तर काय वाटंल, ते मी दुपारी गल्ल्यावर बसून शंभरदा बघितलंय. कुणाला सांगितलं न्हाई. इथं लिहिते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

शिवरात्रीची गर्दी. रताळी, भगर, साबुदाणा, राजगिरा. सकाळपासनं उभी हाय. दुपारी गल्ल्यापुढंच गपकन बसले. श्रीशैल म्हणला, "आई, काय झालं?" काय न्हाई, सकाळी खायचं राहिलंतं.

सरांचा परत फोन. "मावशी, पाच दिवस राहिले. आता तरी ऐका." मी फोन ठेवून दिला. पण मनात बसलं.

१५ फेब्रुवारी, रविवार, महाशिवरात्र

काल शनिप्रदोष, आज शिवरात्र, उद्या सोळावा सोमवार. आन् परवा सोडून ग्राउंड. कसा योग जुळून आलाय बघा! महादेवाच्याच मनात असंल तर पोरगी पास होणारच. आमच्या मठाचे स्वामीजीबी म्हणले, असा योग सारखा येत न्हाई.

वर्षा आज पळायला गेली न्हाई. अंथरुणावरच होती. म्हणलं, झोपू दे, तेवढाच आराम.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काय काय झालं, सगळं लिहिते.

सकाळी "साबुदाण्याचं पोतं बदलून आणते" असं सांगून बीडची बस धरली. जड पोतं श्रीशैल नंतर आणणार होता, मी नुसतं व्यापाऱ्याला सांगून येते म्हणले. खरं काम वेगळंच. स्टँडपासनं जरा पुढं तळलेल्या कोंबडीचं दुकान हाय. तीनदा पुढनं गेले आन् तीनदा मागं आले. मग गळ्यातलं लिंग पदराआड केलं. म्हणलं, शिवा, थोडा वेळ तिकडं बघ.

दुकानदाराला विचारलं, "यात लोह किती असतंय?"

तो म्हणला, "मावशी, लोह न्हाई, मसाला हाय. लेगपीस देऊ का?"

डबा घेतला, चार पिशव्यांत गुंडाळला. तरी बसमध्ये वास सुटलाच. शेजारी आमच्यातलीच एक बाई, कपिलधारच्या यात्रेला दरसाल भेटती. "कसला हो वास येतोय?" मी म्हणले, "मसाल्याचं सँपल हाय." तिनं पर्स उघडून केळं पुढं केलं. "घ्या, उपवासाला चालतंय."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई, आज सोमवार! सोळावा! मी स्वतः उपाशीपोटी कोंबडी आणायला निघाले, आन् जिला खाऊ घालायची तिचाबी उपवास, हे एवढ्या वेळात आठवलंच न्हाई. माझी मती गुंग झाली. उतरून डबा नाल्यात टाकावा का घरी न्यावा, वाटेतलं घाट सावळी गाव येईपर्यंत ठरंना. तवर वडवणी आली.

हे आन् श्रीशैल जेवून आत आडवे झालेले. मी दुकानातच मागच्या दारापाशी डबा उघडला. बघितलं तर नुसता पिवळा खरखरीत पापुद्रा. वास नाकात गेला आन् मला मळमळलं. तरी म्हणलं, आणलंय तर निदान मोजावं तरी. एवढे दिवस शंभर ग्राम, शंभर ग्राम करतीय, प्रत्यक्ष किती असतंय ते कळू दे. काट्यावर कागद टाकून ठेवलं. दोनशे तीस.

मग स्वयंपाकघरातनं वर्षाचं ताट आणलं. त्यात तिचं आजचं रताळं होतं. तेबी काट्यावर ठेवलं. ताटाचं वजन काढून एकशे तीस. सालीसकट.

मागनं वर्षा आली. डबा बघितला आन् तिचे डोळेच मोठे झाले. आधी घाबरली, मग हसायला लागली, मग तिथंच पोत्यावर बसून रडायला लागली.

"आई, हे तू आणलंस? तू?"

"तुझ्यासाठी आणलं ग. सर म्हणले म्हणून. पण आज सोमवार निघाला."

ती आत गेली आन् वही आणून माझ्या पुढ्यात टाकली. सर रोजचं टायमिंग लिहायला लावतेत. मी वाचलं. मंगळवार तीन सहा. बुधवार तीन एक. गुरुवार दोन अठ्ठावन्न. शुक्रवार दोन एकोणसाठ. शनिवार तीन नऊ. सोमवार तीन चौदा. पान उलटलं, परत तसंच. आणखी उलटलं, तसंच.

मी म्हणले, "हे काय ग? महादेवाच्या आन् मारुतीच्याच वारी तुझे पाय जड कावून होतेत?"

वर्षानं काट्याकडं बोट केलं. "एकशे तीस. हे आजचं. कालचंबी एवढंच. परवाचंबी एवढंच. एवढ्यावर कोण पळंल आई?"

"आन् कोंबडी दोनशे तीस..."

"राहू दे ती कोंबडी! कोंबडीचा काय संबंध? एरवीच्या दिवशी तरी काय असतंय? अप्पा आन् दादा उठल्यावर पातेल्यात जे चिकटलेलं असंल ते."

"मग बोलायचं ना! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तवा बोलायचं होतं."

"तूच बोललीस की. दोन टाईम, पोटभर."

काट्यावरचे आकडे तेवढे चमकत होते, एकशे तीस, एकशे तीस. एक महिना झाला मी रताळ्यात किती आन् कोंबडीत किती हुडकतीय. पोरीच्या ताटात किती, ते बघितलंच न्हाई. वाढणारी मी.

देवघरात गेले. म्हणलं, महादेवा, पोरीचा सोळावा सोमवार मी मोडते, पाप लागलं तर माझ्या माथी. मग दुपारी तीन वाजता चूल पेटवल्यासारखा गॅस मोठा केला आन् भाकऱ्या थापल्या. मटकीला फोडणी दिली. श्रीशैलच्या डब्यातले लाडू काढले. हे उठून आले. "आज उपवास न्हाई का?"

"हाय. पण आता तिचाबी मीच करणार."

हे डोकं खाजवत परत आत गेले.

कोंबडीच्या डब्याचं काय करायचं म्हणून आरोहीला बोलावलं. ती बायनाबाईंसाठी घेऊन गेली. म्हातारीचा निरोप आला, वरचा पापुद्रा दगडासारखा हाय, दात असलेल्यानं खावं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज दोन्ही वेळा वर्षाला आधी वाढलं. हे हात धुऊन पाटावर येऊन बसले, ताटाची वाट बघायला लागले. मी म्हणले, "जरा थांबा. उद्या तिला पळायचंय." सत्तावीस वर्षांत ह्यांना पहिल्यांदा थांबा म्हणले. हे थांबले. दहा मिनिटांनी नुसतं म्हणले, "मटकीचा वास चांगला येतोय." श्रीशैलनं लाडवाचा डबा हुडकला, रिकामा बघून माझ्याकडं बघितलं, आन् मग स्वतःच शेंगदाणे भाजायला घेतले. करपवले निम्मे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दोन मिनिटं चोपन्न सेकंद.

मी मैदानाच्या बाहेर, गेटपाशी उभी होते, हेबी संगं आलते, आत सोडत न्हाईत. वर्षा धुळीनं माखून बाहेर आली आन् नुसती बोटं दाखवली, आधी दोन, मग पाच, मग चार. मला काही उमजंना, मी म्हणले, "अकरा?" तिनं मला उचललंच. पोरीच्या अंगात एवढा जोर! यादी लागायला वेळ हाय, लेखी पेपर राहिलाय. पण हे तिथंच बाजूला जाऊन फोनवर बोलले. "लातूर का? न्हाई हो, रविवारी नका येऊ. तिचा अभ्यास हाय."

विजयसिंह सर भेटले. "बघा मावशी, सांगितलं होतं ना! चिकनचा फरक पडला का न्हाई?" मी म्हणले, "लई पडला सर." आता त्यांना कुठं समजावत बसू?

२१ फेब्रुवारी, शनिवार

वर्षानं हाताला धरून तेजश्री मॅडमकडं नेलं. माझं रक्त काढायला लावलं. मॅडमनी मला विचारलं, "जेवण किती वेळा?" मी तोंड उघडायच्या आत वर्षा म्हणली, "एकदा. तेबी सगळ्यांचं झाल्यावर, उरलं तर. आन् माझे सोमवार-शनिवारबी आता हीच करतीय."

सात पॉइंट नऊ निघालं.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ह्यांचा विश्वासच बसंना. "पोरीपेक्षा कमी? अगं, ती आठशे मीटर पळती. तू तर नुसती घरात असतीस." मलाबी तेच वाटलं. मी कुठं पळते? मग माझं रक्त गेलं कुठं?

दुपारी सगळ्यांची ताटं वाढायला घेतली तर वर्षानं माझ्या हातातली पळी काढून घेतली. एक ताट भरलं, दोन भाकरी, मटकी, चटणी, करपलेल्या शेंगदाण्यांचा लाडू, आन् ते घेऊन दुकानात गेली. काट्यावर ठेवलं. म्हणली, "वाच."

"सहाशे चाळीस. म्हणजे ताट सोडून."

"हे तुझं."

"एवढं? एवढं तर मी श्रीशैलला वाढते."

"बस."

मी म्हणले, आज शनिवार हाय. हे जेवायचे राहिलेत. हे दारात उभे होते, श्रीशैल त्यांच्या मागं. ह्यांनी पाट पुढं सरकवला, माझ्यासाठी. तशी बसले. भाकरी गरम होती. कधी खाल्लीवती गरम, आठवंना. जेवता जेवता डोळ्याला पाणी आलं, ते कावून आलं हे मला अजून कळलेलं न्हाई. मटकी काही एवढी तिखट नव्हती.